मातीचा माउस

लाइन गेली तेव्हा ओमेश्वर कटरे गुरुजींचं पत्र अगदी शेवटच्या ओळीवर आलं होतं. 'आपला विश्वासू' एवढंच लिहायचं राहिलं होतं. चौथीच्या मुलांची सहल चोरखमाऱ्याच्या तलावावर न्यायला परवानगी मागणारं ते पत्र. खरं नव्हतं, सरावाचं होतं. पण त्यातला एकेक काना, एकेक वेलांटी गुरुजींनी कीबोर्डवर एका बोटाने हुडकून हुडकून मिळवली होती. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला आणि पडद्यावरचा तलाव, सहल, परवानगी, सगळं एकदम काळं झालं.

"गेलं," गुरुजी म्हणाले.

"सेव्ह केलं होतं का, गुरुजी?" रिंकीने दारातूनच विचारलं.

"पूर्ण झाल्यावर करणार होतो न."

"रोज सांगून राहिली मी. दोन ओळी झाल्या का सेव्ह करा, दोन ओळी झाल्या का सेव्ह करा."

"अर्धं पत्र कोणी ठेवते का? आधी कच्चं लिहायचं, तपासायचं, मग पक्कं करून ठेवायचं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं."

रिंकी रहांगडाले ओठ दाबून हसली. ते पाहून गुरुजींचा पारा आणखी चढला. गोरेगावच्या बाजार रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा कॉम्प्युटर क्लास होता. खोलीत युरियाचा वास, ओळीने लावलेले जुने संगणक आणि भिंतीला एक इन्व्हर्टर. त्याची बॅटरी थकलेली होती, म्हणून ती फक्त परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवलेली. ही रिंकी पहिली ते चौथी गुरुजींच्याच हाताखाली शिकली होती. भागाकार तिच्या डोक्यात शिरायला अख्खा पावसाळा लागला होता आणि त्या अख्ख्या पावसाळ्यात गुरुजी एकदाही चिडले नव्हते. पाटी पुसायचे आणि म्हणायचे, "पुन्हा एकदा."

आता तीच म्हणाली, "काही बिघडत नाही. लाइन आली का पुन्हा एकदा."

हे दोन शब्द ऐकायला इतके जड असतात, हे गुरुजींना ठाऊक नव्हतं.

गुरुजींना शिकायची हौस नव्हती असं नाही. पण हौसेपायी ते धानाच्या रोवण्याच्या चिखलातून फटफटी हाकत गोरेगावला येत नव्हते. झालं असं होतं की दिवाळीनंतर तालुक्यातल्या काही शाळांना संगणक मिळणार होते. अट एकच, शाळेत संगणकाची परीक्षा पास झालेला शिक्षक हवा. मोहटोल्याची शाळा दोन शिक्षकांची. त्यातले बकाराम मेश्राम गुरुजी निवृत्तीला टेकलेले. त्यांनी आधीच हात जोडले होते, "मले नोको सांगू, भाऊ. मी मोबाइलचं हिरवं बटन दाबतो अन् लाल दाबतो, तिसरं मले माहीत नाही." राहिले कटरे गुरुजी. ते दोनदा परीक्षेला बसले आणि दोनदा नापास झाले. केंद्रप्रमुख केवलराम टेंभरे भले माणूस, पण त्यांनीही शेवटी सांगून टाकलं, "गुरुजी, या वेळी नाही जमलं तर तुमचा नग मी पलीकडच्या शाळेला देतो. माझाही नाइलाज आहे."

शाळेतल्या मुलांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर येणारच होता. खिचडीच्या तांदळाची पोती हलवून त्यांनी मागची खोली रिकामी केली होती, शेणाने सारवली होती, दाराशी रांगोळी काढायला रंगही जमवले होते. चौथीतली रीता नेवारे रोज सकाळी फाटकातच उभी राहायची.

"गुरुजी, कवा येते जी?"

"येईल."

"काल काय शिकले तुमी?"

मग गुरुजींना सांगावंच लागायचं. मोठ्या माणसांपुढे ज्या गोष्टी त्यांच्या तोंडून निघत नसत, त्या मुलांपुढे सरळ निघत. फळ्यावर चौकट काढून ते सांगत, हा मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरचं तोंड. लोक यालाच कॉम्प्युटर समजतात, पण डोकं खालच्या डब्यात असते. हा कीबोर्ड, यावर अक्षरं आपल्या बाराखडीच्या ओळीत नसतात, कोणी उधळून टाकल्यासारखी असतात. हे छोटं चित्र म्हणजे आयकॉन. ते म्हणजे काम नव्हे, कामाच्या घराचं दार आहे. दारावर दोनदा टकटक केलं का ते उघडते.

"टकटक कायनं करायची?" एका पोराने विचारलं.

"माउसने. साबणाच्या वडीएवढा असतो. तो टेबलावर सरकवला का पडद्यावर एक बाण सरकतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाच्या पुढ्यात मातीचा माउस होता. पोळ्याचे बैल करणारे हात ते, त्यांना माउस काय अवघड! बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, चिकण माती आणून, वर दोन बटनांच्या रेघा ओढून, मागे सुतळीचं शेपूट लावून पोरांनी सगळे माउस उन्हात वाळवले होते. गुरुजी फळ्यावरच्या आयकॉनकडे बोट दाखवत आणि म्हणत, "उघडा!" सगळ्या वर्गाची बोटं एकदम वाजत. टक-टक. एकाचंही चुकत नसे.

आणि गोरेगावला खऱ्या माउसवर गुरुजींचं बोट दगडासारखं व्हायचं. पहिली टक आणि दुसरी टक यांच्यामध्ये त्यांचा हात हलायचा. दार उघडायचं सोडून आयकॉनच उचलला जाऊन भलतीकडे जाऊन पडायचा. माउस सरकवता सरकवता टेबल संपायचं. मग ते शेजारच्याच्या पुढ्यात हात नेत आणि शेजारचा मुन्नालाल म्हणे, "गुरुजी, मेरी बाजू में कायको आ रहे? माउस उचला न, उचलून अलीकडं ठेवा." मुन्नालाल गोंदियात मोठा झालेला, त्यामुळे निम्मी हिंदी. तलाठ्याच्या भरतीसाठी त्यालाही हीच परीक्षा हवी होती. पाहता पाहता तो पुढे गेला. त्याने इंटरनेट उघडलं, वेबसाइटचा पत्ता लिहिला, ईमेलचा पासवर्ड पाठ केला. गुरुजी मात्र पासवर्डच्या जागी उमटणारे ठिपके पाहून बराच वेळ हेच समजत राहिले की आपलं अक्षर चुकतंय. ते पुसत, पुन्हा लिहीत. पुन्हा ठिपकेच.

"ते लपवलेलं असते, गुरुजी. शेजारच्यानं पाहू नये म्हणून."

"मलाही दिसू नये?"

"तुम्हाला पाठ असते न."

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर आपटला. काच फुटली नाही, एवढंच. त्या दिवशी ते रिंकीला न सांगताच जिना उतरून गेले आणि खालच्या खताच्या दुकानापुढे फटफटीवर नुसतेच बसून राहिले. वर्गात कोणी पोरगं असं उठून गेलं असतं तर ते त्याच्यामागे गेले असते. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. रिंकीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि वर निघून गेली. गुरुजी चहा पिऊन तिच्या मागोमाग वर गेले.

आणि आता हे पत्र गेलं होतं.

"मला एक सांग," अंधारलेल्या खोलीत गुरुजी म्हणाले. "डोळ्यासमोर होतं. अक्षर न् अक्षर होतं. मग लाइन गेल्यावर गेलं कुठं?"

"दोन मेमरी असतात, गुरुजी. एक रॅम. आपण लिहितो ते आधी तिच्यात राहते, पण लाइन आहे तोवरच. दुसरी हार्ड डिस्क. सेव्ह केलं का तिच्यात जाते. मग लाइन गेली तरी राहते."

गुरुजींनी मान हलवली. समजल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणा चालला होता. एका बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, दाट हिरवे उभे होते. बाया ते उपटून, पेंढ्या बांधून, दुसऱ्या बांधीत ओळीने रोवत होत्या. गुरुजींनी फटफटी थांबवली आणि थोडा वेळ पाहत राहिले.

सकाळी त्यांनी मुलांना विचारलं, "पऱ्हे टाकले, हिरवेगार झाले. म्हणजे धान झालं का?"

"नाही जी!" मुलं ओरडली. "रोवा लागते."

"अन् नाही रोवले तर?"

"वाफ्यातच पिवळे पडते," रीता म्हणाली. "वाया जाते."

"तसं आहे हे. टाइप केलेलं म्हणजे पऱ्हे. सेव्ह केलं म्हणजे रोवलं. वाफ्यातले पऱ्हे किती का छान दिसत, त्यावर घर चालत नाही."

मुलांना ते इतकं पटलं की मातीच्या माउसावर त्यांनी नवा खेळ काढला. एक म्हणे, "रोव!" दुसरा टिचकी मारी. बकाराम गुरुजी पलीकडच्या वर्गातून डोकावले. "कटरे, तू शिकवतो बाकी मस्त. पण स्वतः कवा शिकतो?"

ते गमतीने म्हणाले. पण गुरुजींना ते लागलं.

*

आता मोहटोल्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

गावाच्या शिवेवर जुना ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या मनात आलं की गावाच्या तारांत अचानक दुपटीने वीज धावते. बल्ब पांढरेफटक होतात, पंखे घोंघावतात, आणि त्यातच एखाद्याचा टीव्ही, एखाद्याची मोटर जळून जाते. म्हणून ज्याला पहिलं दिसेल तो ओरडतो, "पाडा!" आणि आपल्या घरचा मेन स्विच खाली ओढतो. शेजारचा ऐकतो, तो ओढतो, पुढच्याला हाक देतो. अशी ती हाक गल्लीगल्लीतून जाते आणि गाव घराघराने अंधारत जातं. जेवता जेवता माणूस उठतो, खरकट्या हातानेच मेन पाडतो आणि परत पाटावर येऊन बसतो. विचार करायला वेळ नसतो. डोळ्यांत कचरा गेला की पापणी मिटते, तसं ते आहे.

परीक्षेच्या दिवशी गुरुजी कोपऱ्यातल्या संगणकावर बसले. खिडकीचा उजेड तिथे पडद्यावर येत नसे, म्हणून जागा त्यांनीच मागून घेतली होती. त्यांच्या डाव्या हाताला भिंतीवर खोलीचा मेन स्विच होता.

पहिला भाग प्रश्नांचा. बरोबर उत्तरावर टिचकी मारायची आणि 'पुढे' दाबायचं. ब्राउझर कशाला म्हणतात, फोल्डर कशाला म्हणतात. ही उत्तरं गुरुजींना मुलांना शिकवून शिकवून तोंडपाठ झाली होती. दुसऱ्या भागात पत्र लिहायचं होतं. विषय आला, शाळेला ग्रंथालयासाठी पुस्तकं मिळणेबाबत. गुरुजींच्या जिवात जीव आला. असली पत्रं त्यांनी जन्मभर हाताने लिहिली होती. ते लिहीत गेले. तारीख, प्रति, विषय, महोदय. बोट एकच, पण आज ते अडखळत नव्हतं. पानभर मजकूर झाला. एक वाक्य त्यांना खटकलं, ते त्यांनी बदललं. एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली. आता एकदा पूर्ण वाचून काढू आणि मग पक्कं करू, असं म्हणून त्यांनी चष्मा सारखा केला.

तेवढ्यात ट्यूबलाइट भक्कन उजळली आणि पंखा घोंघावला.

"पाडा!" गुरुजी ओरडले आणि त्यांनी मेन खाली ओढला.

खोली काळी झाली. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"अबे, कोणं पाडला?"

"गुरुजींनी!"

"काऊन पाडला जी?" मुन्नालाल खुर्ची मागे लोटून उभा राहिला. "मेरा पूरा पेपर था! भरती है मेरी, गुरुजी! तुम्हाले काय, तुमची नोकरी आहे!"

गुरुजींचा हात अजून स्विचवरच होता. "व्होल्टेज वाढलं होतं," ते म्हणाले. "जळलं असतं न सगळं."

"स्टॅबिलायझर आहे इथं!" रिंकी धावत आली. तिचा आवाज गुरुजींनी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "इन्व्हर्टरची लाइनही याच स्विचातून येते. आज तरी हात जागेवर ठेवायचा होता, गुरुजी!"

तिने मेन वर ढकलला. संगणक एकेक करून जागे होऊ लागले. किती सावकाश! आधी काळ्यावर पांढरी अक्षरं, मग नुसतीच निळाई, मग फिरणारं वाळूचं घड्याळ. सगळे पडद्याला डोळे लावून बसले होते आणि गुरुजींना कोणाकडेच पाहवत नव्हतं. मुन्नालालने पासवर्ड टाकला.

"आहेत!" तो ओरडला. "सगळी उत्तरं आहेत!"

"राहतीलच," रिंकी म्हणाली. घाम पुसत तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "'पुढे' दाबलं का उत्तर इथं थांबतच नाही. टेलिफोनच्या तारेतून निघते अन् दूरच्या सर्व्हरवर जाऊन बसते. तो म्हणजे सगळ्यांचं सांभाळणारा मोठा कॉम्प्युटर. आपल्या गोरेगावची लाइन जावो का येवो, त्याला काही फरक पडत नाही. पत्रं मात्र ज्याची त्यानं सेव्ह केली असतील तरच आहेत. पाहून घ्या."

मुन्नालालचं पत्र होतं. इतरांचीही होती, कोणाची पूर्ण, कोणाची दोन ओळी कमी.

गुरुजींच्या पडद्यावर कोरं पान होतं.

अख्ख्या वर्गाला त्यांनी रोवणं शिकवलं होतं. पडद्यावर मोजका वेळ शिल्लक दिसत होता, तोही कमी कमी होत होता. गुरुजींना वाटलं, उठून जावं. जिना उतरावा, फटफटी काढावी, केवलराम साहेबांना सांगावं, द्या नग पलीकडच्या शाळेला. मग त्यांना फाटकात उभी असलेली रीता आठवली आणि ती काय विचारेल तेही आठवलं.

त्यांनी तारीख लिहिली. सेव्ह केलं.

प्रति लिहिलं. सेव्ह केलं. विषय लिहिला. सेव्ह केलं. असं अपुरं, न तपासलेलं, शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवलेलं लिखाण पक्कं करताना त्यांच्या जिवावर येत होतं. 'आमच्या शाळेतील मुलांना वाचनाची आवड असून' इथपर्यंत ते पोचले, सेव्ह केलं, आणि वेळ संपली.

खाली उतरताना मुन्नालाल जिन्यात भेटला. त्याचा राग उतरला होता. "जाऊ द्या गुरुजी, हो गया सो हो गया," तो म्हणाला. पुढे कितीतरी दिवस ते फाटकातून शाळेत शिरताना रीताच्या आधीच बोलायला सुरुवात करत, "चला चला, प्रार्थनेला उशीर होऊन राहिला."

*

निकालाचा फोन रिंकीने केला. "पास आहात, गुरुजी. अगदी काठावर."

"चुकून दुसऱ्याचं पाहिलं असशील. माझं पत्र अर्धं होतं."

"अर्धं होतं, पण होतं न. जेवढं सेव्ह आहे तेवढ्याचे गुण देतात. पहिल्यासारखी पूर्ण व्हायची वाट पाहिली असती, तर याही वेळी नापास झाले असते."

दिवाळीनंतर खरोखरच टेम्पो आला. केवलराम साहेब स्वतः खोकी उतरवायला आले होते. रांगोळी झाली, नारळ फुटला, बकाराम गुरुजींनी लांबूनच नमस्कार केला. मॉनिटर, डबा, कीबोर्ड, माउस, सगळं आपापल्या तारांनी जोडलं गेलं. मुलं चपला बाहेर काढून भिंतीला टेकून बसली. गुरुजींनी बटन दाबलं.

काही झालं नाही. लाइन नव्हती.

लाइन दुसऱ्या दिवशीही नव्हती. त्या महिन्याचं भारनियमन असं होतं की शाळा भरायच्या आधी वीज जायची आणि शाळा सुटल्यावर यायची. मुलं काळ्या पडद्यापुढे येऊन बसत, मातीचे माउस सरकवत आणि उठून जात. एक पोरगा एकदा म्हणाला, "आपला मातीचाच बरा होता जी. त्याले लाइन नाही लागत." सगळे हसले. गुरुजींना मात्र हसू आलं नाही. इतकं करून, इतकं सोसून काचेचा एक काळा डबा आणला होता आपण!

शेवटी त्यांनी सांगितलं, "ज्यांना यायचं त्यांनी दिवे लागले का या."

सगळी आली. काही तर बापाला घेऊन आली. पडदा उजळला तेव्हा मागची पोरं गुडघ्यांवर उठून पाहू लागली. पहिला नंबर रीताचा. तिने खऱ्या माउसवर हात ठेवला, बाण आयकॉनवर नेला आणि टक-टक केलं. पहिल्या फटक्यात दार उघडलं. मग नाव लिहायला लागली. एकेक अक्षर हुडकत, सापडलं की "हे पाहा!" म्हणत. रीता लिहून झालं. आडनावाचा 'ने' झाला, 'वा' झाला.

बल्ब पांढराफटक पडला.

"पाडा!" बाहेरच्या गल्लीतून हाक आली. "पाडा रे, पाडा!"

गुरुजींचा हात मेनवर गेला होता. पण मागून सगळी पोरं एकदम ओरडली, "पहिले रोवा जी! पहिले रोवा!"

हात तसाच थांबला. बल्ब आणखी तापत होता, मॉनिटरमधून बारीक कुईं आवाज येत होता, पलीकडचं घर अंधारलं, त्याच्या पलीकडचंही. "रीता, झालं का?"

"थांबा न जी." बाण कोपऱ्यातल्या छोट्या चित्राकडे निघाला होता.

"जळंल सगळं, पोरी!"

"रोवलं!"

गुरुजींनी मेन पाडला.

अंधारात रीतानेच विचारलं, "राहिलं असन का जी?"

"माहीत नाही," गुरुजी म्हणाले. आणि खरंच त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी लाइन उशिरा आली. तरी पोरं खोलीत हजर होती. संगणक जागा व्हायला नेहमीसारखाच वेळ घेत होता आणि कोणी मागून म्हणत होतं, "जळला असन." रीताने फाइल उघडली. पांढऱ्या पानावर डावीकडे, वरच्या कोपऱ्यात दोन शब्द होते. 'रीता नेवा'.

"अर्धंच आहे जी," ती म्हणाली.

"मग बस अन् पुढचं अक्षर शोध," गुरुजी म्हणाले, आणि स्वतः स्टूल ओढून मेनपाशी जाऊन बसले.